जोड आणि बदली : मुंबईतील कामगारांच्या सुट्ट्यांचा इतिहास

सुट्टी, रजा आणि खाडा हे तीन शब्द मराठी व्यवहारात परस्परांच्या जवळचे असले, तरी त्यांमागील अधिकाराचे स्वरूप भिन्न आहे. सुट्टी सर्वांस एकाच वेळी मिळते; ती देणारा धर्म, कायदा अथवा मालक असतो. रजा एकेका व्यक्तीस मिळते, आणि मूळ अरबी शब्दाचा अर्थ संमती असा असल्यामुळे ती मागावी लागते ही गोष्ट शब्दातच अंतर्भूत आहे. खाडा मात्र कोणी देत नाही. तो पडतो किंवा पाडला जातो, आणि त्या दिवसाचे वेतन बुडते.

सणाची सुट्टी मंगळवारी आली असता मधल्या सोमवारची रजा काढून रविवारपासून सलग तीन दिवस मोकळे करून घेणे, ही आज कार्यालयीन जीवनातील परिचित गोष्ट आहे. नव्या वर्षाची दिनदर्शिका हाती येताच अशा जागा शोधण्यास प्रारंभ होतो. वरवर पाहता हा वैयक्तिक सोयीचा विषय आहे. तथापि, सण आणि साप्ताहिक विश्रांती हे दोन्ही दिवस कामगारास मिळावेत की एकाच्या मोबदल्यात दुसरा काढून घ्यावा, आणि त्या दोहोंमधील दिवस मागण्याचा अधिकार कोणास असावा, हे प्रश्न मुंबईच्या गिरण्यांत पाऊणशे वर्षे वादाचे होते. पहिल्या व्यवस्थेस जोड आणि दुसरीस बदली म्हटल्यास, कामगारांच्या सुट्टीचा इतिहास हा बदलीकडून जोडीकडे झालेल्या संथ आणि अपुऱ्या वाटचालीचा इतिहास ठरतो. प्रस्तुत लेखात या वाटचालीचे मुख्य टप्पे पाहावयाचे आहेत.

१. तिथी आणि वार

औद्योगिक काळापूर्वीच्या महाराष्ट्रात विश्रांतीचे गणित मुख्यतः तिथीवर चालत असे. पाठशाळांतील अनध्याय अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या अशा तिथींस असत. शेतकऱ्याच्या बैलास पोळ्याच्या दिवशी औत नसे, आणि पोळा अमावास्येस येई. वारांना महत्त्व नव्हते असे नाही. सोमवार शंकराचा, रविवार खंडोबाचा, ही समजूत रूढ होती, आणि गावोगावचे आठवड्याचे बाजार वारांवरच भरत. परंतु दर सातव्या दिवशी सर्वांनी एकाच वेळी काम थांबवावे, अशी संस्था येथे नव्हती. बाजाराचा वार तर विश्रांतीचा नसून अधिक धावपळीचा असे.

या व्यवस्थेत जोडून येणारी सुट्टी हा प्रश्नच उद्भवत नव्हता. सणाचे दिवस मुळातच गटाने येतात. दिवाळी एका दिवसाची नसते. कोकणात शिमगा पौर्णिमेच्या आधीपासून नंतरपर्यंत चालतो. शेतीच्या कामातील खंडही ऋतूने ठरविलेले आणि दीर्घ असत. एकेकटा, दोन्ही बाजूंनी कामाने वेढलेला सुट्टीचा दिवस ही घड्याळाच्या आणि भोंग्याच्या युगाची निर्मिती होय. सलग सुट्टीची ओढ ही त्या तुटलेपणावरील प्रतिक्रिया आहे, हे पुढील इतिहासावरून दिसून येईल.

२. १८८१ : दोन कायदे

हिंदुस्थानातील आधुनिक सुट्टीच्या इतिहासात १८८१ हे वर्ष विशेष लक्षणीय आहे. कारण त्या एकाच वर्षी परस्परांशी संबंध नसलेले दोन कायदे संमत झाले आणि दोन भिन्न वर्गांच्या सुट्ट्यांची दिशा त्यांनी ठरविली.

पहिला कायदा हुंड्या, वचनचिठ्ठ्या आणि धनादेश यांविषयीचा, म्हणजे चलनक्षम दस्तऐवजांचा. देय दिवस सार्वजनिक सुट्टीचा असल्यास रक्कम केव्हा देय समजावी, हे सांगण्याच्या निमित्ताने त्याच्या २५ व्या कलमात सार्वजनिक सुट्टीची व्याख्या आली. तीत रविवार होता, ख्रिस्ती नववर्षदिन, नाताळ आणि गुड फ्रायडे होते, आणि सरकारने राजपत्रात जाहीर केलेले इतर दिवस होते. विशेष म्हणजे नववर्षदिन वा नाताळ रविवारी आल्यास पुढील सोमवार सुट्टीचा धरावा, अशीही तरतूद तीत होती. म्हणजे दोन सुट्ट्या एकाच दिवशी आल्या तर एक बुडू नये, ती पुढे सरकून रविवारास जोडली जावी, हे तत्त्व पेढीच्या व्यवहारापुरते १८८१ मध्येच कायद्यात लिहिले गेले. ख्रिस्ती सणांचा हा खास उल्लेख १९५५ च्या दुरुस्तीने वगळण्यात आला आणि पुढे राजपत्रातील अधिसूचनेवर भर राहिला. सरकारी सुट्ट्यांच्या वार्षिक याद्यांत या २५ व्या कलमाचा उल्लेख आढळतो, त्याचे मूळ हे आहे.

दुसरा कायदा कारखान्यांचा. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांस तो लागू होता. सात ते बारा वर्षांच्या मुलांस दिवसास नऊ तासांहून अधिक काम देऊ नये आणि महिन्यास चार सुट्ट्या द्याव्यात, इतकेच त्याने विश्रांतीच्या बाबतीत केले. प्रौढ स्त्रीपुरुषांच्या साप्ताहिक सुट्टीविषयी तो मौन होता. एकाच वर्षी पेढीस बुडालेल्या सुट्टीची भरपाई मिळाली आणि प्रौढ गिरणी कामगारास मुळात सुट्टीच मिळाली नाही, हा विरोध लक्षात ठेवण्याजोगा आहे.

३. रविवारची मागणी

ही उणीव भरून काढण्याचा संघटित प्रयत्न नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७) यांच्या नावाशी जोडलेला आहे. सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक असलेल्या लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. तेथे संमत झालेल्या निवेदनावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. त्यातील मागण्यांचा क्रम बोलका आहे. दर रविवारी पूर्ण सुट्टी ही पहिली मागणी होती. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागील महिन्याचे वेतन पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, आणि कामावर जखमी झालेल्यास बरे होईपर्यंत वेतन, या मागण्या तिच्यामागोमाग येतात.

सहा वर्षे निवेदने आणि सभा चालू राहिल्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगार जमले, आणि त्या सभेत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. त्यानंतर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालक संघाने साप्ताहिक सुट्टीचे तत्त्व मान्य केले. त्याच वर्षी नेमलेल्या कारखाना आयोगावर लोखंडे यांची मुंबईसाठी सहयोगी सभासद म्हणून निवड झाली, आणि १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टीस कायद्याचा आधार मिळाला.

या विजयाचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु त्याची मर्यादाही पाहिली पाहिजे. विलायतेत १८५० च्या कायद्याने कापडगिरण्या शनिवारी दुपारी दोन वाजता बंद होऊ लागल्या होत्या. त्यामुळे तेथील कामगाराचा रविवार शनिवारच्या दुपारपासून सुरू होत असे. मुंबईत मिळालेला रविवार एकटाच होता. त्याच्या अलीकडे शनिवारची पूर्ण पाळी आणि पलीकडे सोमवारचा पहाटेचा भोंगा. या एका दिवसात विश्रांती घेता येई, भजनास बसता येई, चाळीतील कामे उरकता येत. गावी मात्र जाता येत नसे. आणि मुंबईच्या कामगारवर्गाचा मोठा भाग रत्नागिरी, सातारा, पुणे, अहमदनगर अशा जिल्ह्यांतून आलेला होता.

४. सणाचा दिवस आणि रविवारची बदली

रविवार मिळाल्यावर सणाच्या दिवसाचा प्रश्न नव्या स्वरूपात पुढे आला. सण तिथीवर येतो आणि रविवार वारावर येतो. दोन्ही दिवशी गिरणी बंद ठेवणे मालकास उत्पादनाच्या दृष्टीने महाग वाटे. म्हणून सणाच्या दिवशी गिरणी बंद ठेवून त्याऐवजी जवळच्या रविवारी ती चालू ठेवावी, अशी चाल पडली. कारखानेविषयक कायद्यांनी तीस जागा ठेवली होती. १९४८ च्या कायद्यातील ५२ व्या कलमानुसार आठवड्याच्या पहिल्या दिवशी काम करून घेता येत असे. मात्र त्याच्या अलीकडील वा पलीकडील तीन दिवसांपैकी एक दिवस कामगारास पूर्ण सुट्टी मिळणे आणि त्याची सूचना आगाऊ लावणे आवश्यक होते. अशा बदलीमुळे कोणासही सलग दहा दिवसांहून अधिक काम पडू नये, हेही बंधन होते.

या तरतुदीत आरोग्याची दृष्टी आहे, हे मान्य केले पाहिजे. विश्रांती फार लांबणीवर पडू नये, याची काळजी तीत घेतलेली दिसते. परंतु कामगाराच्या बाजूने पाहता तिचा परिणाम निराळा होई. सण गुरुवारी आला आणि त्याबद्दल पुढचा रविवार कामाचा ठरला, तर त्या आठवड्यात त्यास मिळालेला दिवस एकच राही. शुक्रवार आणि शनिवार कसेबसे काढून रविवारपर्यंत गावी राहावे, ही शक्यताही नाहीशी होई. कारण जोडावयाचा रविवारच उरला नव्हता.

अशा स्थितीत कामगाराने जो मार्ग काढला तो खाड्याचा. सणास गावी गेलेला मनुष्य सांगितलेल्या दिवशी परत येत नसे. शिमग्यास गेलेला पेरणीची तयारी पाहून येई. व्यवस्थापकांच्या भाषेत ही गैरहजेरी होती, आणि ती कामगाराच्या आळसाचे वा बेशिस्तीचे लक्षण मानली जाई. विलायतेच्या इतिहासात याला समांतर उदाहरण आहे. तेथील कारागीर रविवारनंतरचा सोमवारही स्वतःच्या अधिकारात मोकळा ठेवीत, आणि थट्टेने त्यास संत सोमवार असे म्हणत. ई. पी. टॉमसन यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या प्रथेचा संबंध यंत्रयुगापूर्वीच्या कालगणनेशी जोडून दाखविला आहे. परंतु दोन्ही उदाहरणांत एक भेद आहे. विलायती कारागिराचा सोमवार बहुधा त्याच्याच गावात, मित्रमंडळींत जाई. मुंबईच्या कामगाराचा खाडा घर आणि गिरणी यांमधील अंतरातून उद्भवलेला होता. त्यात बोटीचा, पायवाटेचा आणि शेताचा हिशेब होता.

या खाड्याची किंमत नोकरीने मोजावी लागे. जागा रिकामी राहिली की दारावर उभा असलेला बदली कामगार तीवर घेतला जाई, आणि परत आलेल्यास जॉबरची मर्जी संपादन करावी लागे. मजूरविषयक शाही आयोगाने १९३१ च्या अहवालात या प्रश्नाचा विचार केला. कामगाराचे गावाशी असलेले नाते तोडण्यापेक्षा त्यास नियमित रूप द्यावे. कामगाराने ठराविक मुदतीची रजा मागून जावे, आणि वेळेवर परत आल्यास पूर्वीचे काम मिळेल असे आश्वासन त्यास असावे, असा त्या शिफारशींचा आशय होता. खाड्याचे रूपांतर रजेत करावे, असाच त्याचा अर्थ होतो. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांच्या नियंत्रणाची योजना आली. तिने दारावरच्या गर्दीस शिस्त लागली. परंतु रजेवर गेलेल्याच्या जागी उभा राहणारा बदली स्वतः मात्र रजेच्या बाहेर राहिला.

५. जोडीचा हक्क

रजेस हक्काचे रूप येण्यास आणखी काही वर्षे लागली. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९३६ मध्ये पगारी सुट्टीविषयीचा ठराव संमत केला. एक वर्षाच्या सेवेनंतर किमान सहा कामाच्या दिवसांची पगारी सुट्टी मिळावी आणि सार्वजनिक व रूढ सण तीत मोजू नयेत, असे त्यात म्हटले होते. हिंदुस्थानात १९४५ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील प्रौढ कामगारांस वर्षातून दहा दिवसांची पगारी सुट्टी मिळाली. १९४८ चा कायदा आणि त्यातील रजाविषयक प्रकरणाची १९५४ मध्ये झालेली फेरमांडणी यांनी या हक्कास पूर्ण रूप दिले.

फेरमांडणीनंतरच्या ७९ व्या कलमातील एक वाक्य प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. वर्षात २४० दिवस काम केलेल्या प्रौढास दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा द्यावी, असे सांगून त्या कलमाने पुढे असे स्पष्ट केले की, रजेच्या काळात अथवा तिच्या कोणत्याही टोकास येणारी सुट्टी रजेत मोजली जाऊ नये. येथे बदलीचे तत्त्व मागे पडून जोडीचे तत्त्व कायद्याच्या भाषेत आले. अर्ज पंधरा दिवस आधी करावा, वर्षातून तीनपेक्षा अधिक वेळा रजा घेऊ नये, या अटी होत्या. परंतु नियमांत बसणारा अर्ज, ठरलेल्या रजा-योजनेचा आधार असल्याखेरीज, नाकारता येत नव्हता. पंधरा दिवस आधी अर्ज करणाऱ्यास पंचांग पाहावे लागते. सुट्टीची आखणी ही कामगाराच्या जीवनात कायद्याने निर्माण केलेली कृती होय, असे म्हणण्यास हा आधार आहे.

या वाक्याचे व्यावहारिक मोल एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. कोकणातील घरचा गणपती पुष्कळ ठिकाणी गौरींबरोबर विसर्जित होतो. गणपती चतुर्थीस, म्हणजे तिथीवर येतो. गौरी नक्षत्रावर येतात, अनुराधावर त्यांचे आवाहन आणि मूळावर विसर्जन होते. त्यामुळे हा काळ दरवर्षी सारख्या लांबीचा नसतो. २०२३ मध्ये चतुर्थी मंगळवारी, १९ सप्टेंबरला होती आणि गौरीविसर्जन २३ तारखेस, म्हणजे मुक्काम पाच दिवसांचा. २०२४ मध्ये शनिवार, ७ सप्टेंबरपासून १२ तारखेपर्यंत सहा दिवस. २०२५ मध्ये बुधवार, २७ ऑगस्टपासून २ सप्टेंबरपर्यंत सात दिवस. आठवड्यातून केवळ रविवारी सुट्टी असलेल्या आणि चतुर्थीची सुट्टी मिळणाऱ्या कामगाराने जोडीच्या नियमाने हिशेब केल्यास, प्रवासाचे दिवस सोडून, त्यास अनुक्रमे चार, चार आणि पाच दिवसांची रजा लागते. दुसऱ्या वर्षी मुक्काम एका दिवसाने वाढला, तरी रविवार मध्ये आल्याने रजा वाढली नाही. सुट्ट्या रजेतच मोजण्याचा नियम असता, तर हाच आकडा पाच, सहा आणि सात झाला असता. वर्षाकाठी बारा-पंधरा दिवसांची रजा मिळणाऱ्या मनुष्यास हा फरक लहान नाही. शिमग्यास जाता येईल की नाही, हे त्यावर अवलंबून असते.

६. सोमवार सरकविता येतो, चतुर्थी सरकत नाही

इतर देशांनी हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. विलायतेत सर जॉन लबक या पेढीवाल्या संसद-सदस्याच्या पुढाकाराने १८७१ मध्ये बँक-सुट्ट्यांचा कायदा झाला. इंग्लंडपुरते पाहता त्यातील चार दिवसांपैकी तीन सोमवार होते, आणि त्यांतील ऑगस्टच्या पहिल्या सोमवारास कोणताही धार्मिक आधार नव्हता. रविवारास जोडून येणे हेच त्याचे मुख्य प्रयोजन होते. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने काही राष्ट्रीय दिवस ठराविक तारखांवरून सोमवारी नेण्यात आले आणि १९७१ पासून तो अंमलात आला. मात्र त्यांपैकी माजी सैनिकांचा दिवस १९७८ पासून पुन्हा ११ नोव्हेंबर या तारखेवर आणावा लागला. कारण ती तारीख पहिल्या महायुद्धाच्या युद्धविरामाची होती, आणि लोकांस सोयीपेक्षा स्मरण मोलाचे वाटले.

या अनुभवावरून भारतातील परिस्थिती समजण्यास साहाय्य होते. येथील बहुतेक सुट्ट्या तिथीशी वा चंद्रदर्शनाशी बांधलेल्या आहेत. त्या सोमवारी नेणे कोणत्याही विधिमंडळाच्या आवाक्यातील गोष्ट नाही. १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांग-सुधार समितीस देशात सुमारे तीस भिन्न पंचांगे प्रचलित असल्याचे आढळले. तिच्या शिफारशींनुसार राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून अंमलात आली. तरी सणांचे वार फिरतेच राहिले. इतरत्र राज्यसंस्थेने केलेली जोड येथे ज्याची त्यानेच करावयाची असते. म्हणूनच रजा कोणत्या टोकास जोडता येते, हा रुक्ष दिसणारा नियम येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. १९७३ मध्ये ‘कालनिर्णय’ दिनदर्शिका निघाली. तारीख, तिथी आणि सुट्टी एकाच चौकटीत दाखविणारे असे साधन मराठी घरांच्या भिंतींवर इतके रुळावे, यास हेही एक कारण मानता येईल.

७. उपसंहार

जोडीचे तत्त्व पुढे प्रामुख्याने कार्यालयांत विस्तारले. केंद्र सरकारच्या प्रशासकीय कार्यालयांत १९८५ मध्ये पाच दिवसांचा आठवडा आला. बँकांस १ सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार मिळाला. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांत पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून लागू झाला. दुकाने आणि आस्थापना यांविषयीच्या २०१७ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत वर्षास आठ पगारी सणसुट्ट्या ठरविल्या. त्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे चार दिवस नियत असून उरलेले चार मालक आणि कामगार यांच्या संमतीने ठरावयाचे असतात. २०२० च्या केंद्रीय संहितेत पगारी रजेसाठी लागणाऱ्या कामाच्या दिवसांची संख्या २४० वरून १८० वर आली.

परंतु ज्यांच्या मागणीतून या इतिहासाचा प्रारंभ झाला, त्या वर्गाकडे पाहता चित्र इतके सरळ नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, आणि त्यानंतरच्या काळात गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. ज्या कामगारांच्या आधीच्या पिढ्यांनी खाड्यापासून रजेपर्यंतचे अंतर तोडले होते, त्यांपैकी पुष्कळांस रोजंदारीच्या वा कंत्राटी कामाकडे वळावे लागले. तेथे काम नाही तर दाम नाही हा नियम असतो. जोडून आलेल्या तीन सुट्ट्या म्हणजे तीन दिवसांचे बुडालेले वेतन असते. २४० असोत वा १८०, दिवस भरण्यासाठी प्रथम हजेरीपटावर नाव असावे लागते, आणि बदली कामगाराची १९३५ मधील अडचण तीच होती.

सलग सुट्टीची आखणी करता येणे हे त्यामुळे केवळ फुरसतीचे चिन्ह ठरत नाही. उद्या परत आल्यावर आपली जागा आपलीच राहील, या भरवशाचे ते चिन्ह आहे. १८८४ च्या निवेदनात रविवारची मागणी वेतनाच्या मागणीच्याही आधी का आली, याचे उत्तर या भरवशात शोधावे लागेल. दिनदर्शिकेवर रविवार आणि सण यांमधील मोकळी चौकट सर्वांस सारखीच दिसते. ती स्वतःसाठी मागण्याचा अधिकार मात्र आजही सर्वांस सारखा नाही.